मंगळसूत्र ठेवलं, बाकी काढलं

बडोद्यात दांडिया बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे आमच्याच वाड्याची ओसरी, मशिनं, एक पडदा आणि पडद्यामागे आरसा. लग्न होऊन ठाण्याहून इथं आले तेव्हापासून बायकांची मापं घेते आहे. एक खांदा उतरलेला, एक छाती जड, पाठीला जरासं पोक, हे सगळं टेपला कळतं आणि पडद्याबाहेर जात नाही. गिऱ्हाईक मराठी असो की गुजराती, मागणं ठरलेलं. "मावशी, दंड फार दिसतात हो." "बेन, पेट ना देखाय एवुं करजो." मग मी बाही दोन बोटं लांब धरते, अस्तर देते, टक्स सरकवते. झाकून देण्याचेच मी पैसे घेते.

अशा बाईने कपड्यांविना समुद्रावर अख्खा दिवस काढला हे बडोद्यात कळलं, तर निम्म्या गिऱ्हाइकी हसतील आणि निम्म्या आपली मापं परत मागायला येतील. तरी लिहिते. आमच्या ह्यांनी "कुणाला सांगू नकोस" म्हणून बजावलंय. लिहू नकोस असं काही म्हणाले नाहीत.

लेक जर्मनीत रॉस्टॉकला नोकरी करते. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे होतो. तिच्या घरमालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलेली बाई, उंच, चालताना जरा लंगडते. उमेदीत जहाजांच्या कारखान्यात क्रेन चालवायची. माझ्याकडून थेपले शिकायला खाली यायला लागली आणि आमचं जमलं. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे कुणालाच कुणाची भीती नाही. एका संध्याकाळी म्हणाली, "रविवारी समुद्रावर जाऊ. पण मी जाते त्या किनाऱ्यावर कपडे घालत नाहीत. चालेल?"

मला आधी वाटलं, बिकिनी म्हणत असेल. लेकीने मान हलवली. "आई, काहीच नाही."

आमचे हे कोर्टात कारकून होते. जेवता जेवता त्यांनी निकाल दिला. "भारतीय न्याय संहिता, कलम २९६. पूर्वीचं २९४. तीन महिने." लेक म्हणाली, "बाबा, तुमचं कलम इथं लागू नाही. इथं उलटं आहे." रॉस्टॉकने अलीकडेच किनाऱ्याचे नियम नव्याने केले. कुठे कपडे घालून बसायचं, कुठे न घालता आणि कुठे दोन्ही चालेल, हे त्यात ठरवून दिलं आहे. कपडे न घालण्याच्या भागात जो मुद्दाम कपडे घालून बसेल, त्याला तिथून उठवायचा अधिकारही आहे. ह्यांनी हे दोनदा वाचून घेतलं. नियम लेखी आहे म्हटल्यावर त्यांचा विरोध निम्मा उतरला.

उरलेला निम्मा एका न्यायाधीशाने उतरवला. लेकीने फोनवर शोधून काढलं की अशी हौशी मंडळी एकत्र येऊन नियमबद्ध संघटना काढायची सुरुवात जर्मनीत झाली म्हणावं, तर त्याआधी ती आपल्याकडे झाली होती आणि तीही माझ्या माहेरी. १८९१ साली ठाण्याला असलेल्या चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाच्या जिल्हा व सत्र न्यायाधीशाने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढली. सभासद तीन. एक साहेब स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. जमायची जागा माथेरान. पुढे साहेबांची रत्नागिरीला बदली झाली आणि मंडळ मोडलं. १८९४ मध्ये साहेबही गेले. जर्मनीचा पहिला अधिकृत असा किनारा झाला तो १९२० साली, झ्युल्ट बेटावर. "सेशन्स जज?" ह्यांनी पुन्हा विचारलं. आणि मग, कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाच्या आवाजात, "बदलीने भलीभली कामं बुडतात."

शेवटी ठरलं ते असं. मी मालकीणबाईंबरोबर जायचं. हे आणि लेक अलीकडच्या, कपडेवाल्या किनाऱ्यावर बसणार. लेकीसमोर मला जमलं नसतं, तिलाही नाही. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण ठरलं ते बरं झालं.

आदल्या रात्री बाईंनी मला रीत सांगितली. टॉवेल दोन घ्यायचे, एक पुसायला आणि एक बसायला. कुठेही टेकायचं तर अंगाखाली आपला टॉवेल हवाच, कुणाच्या खुर्चीवरसुद्धा. फोन पिशवीत राहील. बोलताना नजर चेहऱ्यावर. दुसऱ्याच्या टॉवेलला आपला टॉवेल लावायचा नाही. वाळूच्या टेकड्यांवर पाय ठेवायचा नाही, त्यावरचं गवत वाळू धरून ठेवतं. माझ्या आजेसासूबाईंचं सोवळं डोळ्यांपुढे आलं. आपला पाट, आपलं तांब्याभांडं, शिवायचं नाही, ओलांडायचं नाही. इतकी बंधनं पाळून करायची गोष्ट वाह्यात असणार नाही, एवढा धीर मला तिथंच आला.

घालून काय जायचं हा खरा प्रश्न होता. पुष्कळ विचार करून पुढून बटणांचा सैल गाऊन निवडला. आयुष्यात पहिल्यांदा कपडा निवडला तो काढायला सोपा म्हणून.

रॉस्टॉकहून लोकलने वीसेक मिनिटांत वार्नेम्युंडे येतं. स्टेशनातून बाहेर पडून पूल ओलांडला की जुना कालवा, त्यात मासेमारीच्या होड्या आणि होडीवरच पावात मासा घालून विकणारे लोक. व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग, वर कांद्याच्या चकत्या. मी ठाणेकर, मला आवडला. ह्यांनी पहिला घास घेतला तोच एका सीगलने मागून येऊन बाकीचा पाव हातातून नेला. पक्ष्यांना खायला घालू नका अशी पाटी शेजारीच होती. हे पाटीकडे बघत राहिले.

पुढे १८९८ चा दीपस्तंभ आणि त्याला खेटून लाटेसारखं वळणदार काँक्रीटचं छप्पर असलेली टीपॉट नावाची इमारत, १९६८ ची. त्यापलीकडे किनारा. इतकी रुंद वाळू मी पाहिली नव्हती. आम्हा बडोदेकरांचा जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. तिथं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं आणि ओहोटीत चिखलातून बाहेर येतं, तेव्हा घड्याळ बघूनच जायचं. इथल्या बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. लोक पिशव्या पाण्याच्या काठाशी टाकून खुशाल झोपतात.

वाळूत वेताच्या, वर छत असलेल्या दोन माणसांच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. ही खुर्ची इथलीच. १८८२ मध्ये रॉस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या बुरुडाने संधिवात झालेल्या एका बाईसाठी पहिली विणली. तिला समुद्रावर बसायचं होतं आणि वारा सोसत नव्हता. गिऱ्हाइकाची अडचण ऐकून वस्तू करणारा माणूस मला नेहमीच आवडतो. पुढल्याच वर्षी त्याच्या बायकोने त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. तीही आवडली. ह्यांनी तिथं एक खुर्ची भाड्याने घेतली, लेकीला शेजारी बसवलं आणि आम्हाला असा निरोप दिला की जणू आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये चाललो होतो.

आम्ही पश्चिमेकडे चालत राहिलो. गर्दी विरळ झाली, मग पाटी आली आणि पाटीपलीकडे उघडी माणसं. भिंत नाही, पडदा नाही, तिकीट नाही. पाटीच्या अलीकडे चड्डीत बसलेला माणूस आणि पलीकडे चड्डीविना बसलेला माणूस दोघंही शब्दकोडं सोडवत होते.

बाईंनी टॉवेल अंथरला, सदरा काढला, विजार काढली, घडी केली, पिशवीत ठेवली. फुलकी तव्यावर टाकायला मला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. मी उभी.

आम्हा बायकांना कपडे बदलता येतात, नुसते काढता येत नाहीत. चांदोदला नर्मदेच्या घाटावर मी शेकडो बायका पाहिल्यात, मीही त्यातली. ओलं लुगडं अंगावर असताना कोरडं चढवायचं, दातात पदर, कोपरात परकर, आणि आतलं ओलं सोडायचं ते अंगाचा नखभरही न दाखवता. हात हे सगळं डोळे मिटून करतात. इथं वरून चढवायला काही नव्हतंच, त्यामुळे हातांना पुढचं सुचेना. मी वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. बाई समुद्राकडे तोंड करून थर्मासचं झाकण उघडत बसल्या होत्या. जराही घाई केली नाही, धीरही दिला नाही. मग मी खाली बसून, गाऊनच्या आतच सगळं सोडवलं आणि शेवटी गाऊन डोक्यावरून काढला. घाटावरचीच पद्धत, उलट्या क्रमाने.

मंगळसूत्राचं काय, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "हे?" बाई म्हणाल्या, "तो कपडा आहे का?" मग राहू दिलं. टिकली, मंगळसूत्र, पाटल्या, एवढ्यावर मी बसले. पहिली शुद्ध आली ती वाऱ्याची. पाठीला एवढा वारा मला लहानपणानंतर लागला नव्हता.

दुसरी गंमत माझी मलाच दिसली. मी खाली पाहिलं तर ब्लाऊज अंगावर होता. म्हणजे दंडाच्या मध्यापर्यंत बाही काळ्या-पांढऱ्या फरकाने उठलेली, गळ्याला मीच बेतलेला पानगळा, पोटावर ब्लाऊजची खालची कड आणि साडीची निरी यांच्यामधला सावळा पट्टा. बडोद्याच्या उन्हाने इतक्या वर्षांत माझंच कापड माझ्यावर छापलं होतं. कड एकदम सरळ आली होती. समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

या पांढऱ्या भागाने कधी ऊन पाहिलेलं नसतं, तो आधी भाजतो. बाईंनी पन्नास नंबरचं क्रीम काढलं आणि पाठीला स्वतः लावलं. क्रेनवाल्या बाईचा हात, खरखरीत. पाट्यावर वरवंटा फिरावा तसा फिरला. पुढचं मी लावलं, पण पोटाला हात आखडता घेतला. ते रात्री कळलं.

आता बघण्याबद्दल. नजर चेहऱ्यावर ठेवायची हे मला माहीत होतं. पण माझी नजर मापाची. समोरून माणूस गेला की मुंढा, म्हणजे काखेचा घेर, सोळा, छाती चव्वेचाळीस, डावा खांदा पाऊण इंच खाली, हे आपसूक होतं. वाईट हेतूने पाहत नव्हते एवढं नक्की. आणि जे दिसलं ते सगळं ओळखीचं होतं. सुटलेली पोटं, वाकलेल्या मांड्या, सिझेरियनचे व्रण, एका बाईची एकच छाती आणि दुसऱ्या जागी आडवी शिवण. दुकानात अशा गिऱ्हाइकीसाठी मी आतून पॅड लावून दोन्ही बाजू सारख्या करून देते. ती बाई पाण्यातून आली, केस पिळले आणि सफरचंद खात बसली. मालकीणबाईंच्या कमरेवर वितीपेक्षा लांब व्रण आहे, खुबा बदललेला. त्यांच्या पायातल्या फरकाला विजार कशी बेतावी हे मी मनात ठरवून टाकलं.

आमच्याकडे नवरात्रात मुली बिनपाठीची चोळी घालतात. मागे नुसती दोरी आणि लटकणं, पाठ कमरेपर्यंत उघडी. मीच शिवते, भरपूर शिवते. दसऱ्यानंतर त्याच मुली मागचा गळा वर घ्यायला येतात, कारण "घरी चालत नाही". वॉटर पार्कला जाणाऱ्या बायका अंगभर कपड्यांत पाण्यात उतरतात आणि तरी काठावरची पोरं टक लावून बघतात. इथं त्या दिवसभरात माझ्याकडे टक लावून कुणी पाहिलं नाही. एक माणूस मात्र आला. पूर्ण कपड्यांत, हातात फोन, पाण्याच्या कडेने अगदी हळू चालत. तीन-चार जण एकदम उठून बसले. मालकीणबाईंनी काहीतरी खणखणीत आवाजात सुनावलं. तो वळला आणि आला तसा गेला. काय म्हणालात विचारलं तर म्हणाल्या, "कपडे काढ नाहीतर चालता हो."

या किनाऱ्यांचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखा आहे. त्या पूर्व जर्मनीत वाढल्या. तिथल्या सरकारने १९५४ मध्ये या प्रकारावर बंदी आणायचा प्रयत्न केला, लोकांनी ऐकलं नाही, आणि १९५६ मध्ये ठरलेल्या जागी परवानगी द्यावी लागली. पुढे अर्धा देशच असा पोहायला लागला. "आमच्याकडे दुकानात पोहण्याचे चांगले कपडे मिळायचेच नाहीत," असं एक कारण त्यांनी दिलं. खरं का गमतीने, कळलं नाही. दोन जर्मनी १९९० मध्ये एक झाल्यावर पश्चिमेकडचे लोक सुट्टीला इकडे यायला लागले आणि किनाऱ्यांवर कपड्यांवरून भांडणं झाली. आता तरुण मुलं चड्डी घालूनच येतात, हे त्यांनी नाक मुरडून सांगितलं. खरंच आजूबाजूला पन्नाशीच्या आतलं माणूस क्वचित दिसत होतं. आमच्या कामाटीबागेत सकाळी फिरायला येणारं सगळं मंडळ कपडे घरी विसरून आलं, तर असंच दिसेल.

दुपारी थेपले आणि छुंदा काढला. शेजारच्या बाईंना देऊ केलं. या बाई अंगावर सूत नसताना स्वेटर विणत होत्या. गडद निळी लोकर, नातवाचा, थंडीसाठी. मी जवळ गेले, अर्थात आपला टॉवेल घेऊन. टाके बघितले. हात सफाईदार, उलटसुलट एकसारखं, पण मुंढा अरुंद वाटला. नातू केवढा, विचारलं. मालकीणबाईंनी दुभाष्याचं काम केलं. दहा वर्षांचा, अंगाने भरलेला. मी टेपशिवाय बोटांनी मोजलं आणि सांगितलं, हा काखेत धरणार, इंचभर वाढवा. बाईंना पटेना. त्यांनी पुस्तकातला नमुना दाखवला. मी म्हटलं, पुस्तकातला मुलगा बारीक आहे. मग त्यांनी माझा दंड धरला, स्वतःचा दंड धरला, विणलेला भाग दोन्हींवर लावून पाहिला. मालकीणबाई मध्येच हसायला लागल्या आणि त्यांना पुढचं भाषांतर सुचेना. आम्ही दोघी मुंढ्यावरून बऱ्यापैकी भांडलो. त्या भांडणात आपण कपडे घातलेले नाहीत हे मी विसरून गेले ते पुढे तासभर आठवलंच नाही.

पाण्यात उतरले ते कमरेपर्यंत. मला पोहता येत नाही. ऑगस्ट असूनही पाणी असं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. चव जेमतेम खारट, आपल्या समुद्रापुढे अळणीच. बाई पलीकडे पोहत गेल्या. पाण्यात त्यांचं लंगडणं कुठे गेलं कोण जाणे. माझी टिकली वाहून गेली आणि मंगळसूत्राच्या वाट्यांत वाळू भरली. ती नंतर टूथब्रशने काढावी लागली.

कपडे पुन्हा घातले तेव्हा ब्राचा इलास्टिक टोचला. रोजचाच, स्वतः निवडलेला. त्यावर अजून विचार करते आहे, कारण गिऱ्हाइकींना मी "फिटिंग असंच असतं" असं सांगत आलेय.

हे खुर्चीत झोपले होते. लेकीने डोळ्यांनीच विचारलं, मी मान हलवली. लोकलमध्ये ह्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघून विचारलं, "माणसं कशी होती?"

"उंच," मी म्हटलं.

रात्री पोट लालभडक. परकराची नाडी बांधवेना, दही लावून गाऊनवर बसले. पुढचे बरेच दिवस साडी नाही. जाणार असाल तर पोटाला क्रीम दोनदा लावा आणि ते वाळेपर्यंत आडवं होऊ नका. पोहायला येत नसेल तर रुंद काठाची टोपी घ्या, कारण डोकं कोरडंच राहतं. नवऱ्याला घेऊन गेलात तर त्याचा मासा त्याला आडोशाला खायला सांगा.

दिवाळीच्या ऑर्डरी संपत आल्या तेव्हा लेकीने एक फोटो पाठवला, मालकीणबाईंकडून आलेला. निळा स्वेटर घातलेला गोबरा मुलगा, हात वर करून उभा. खाली निरोप होता की मुंढा उसवून पुन्हा विणला, अर्धा इंच वाढवला.

मी एक इंच सांगितला होता. काखेत धरलेला फोटोतसुद्धा दिसतो.